चार दात कमी

आमच्या आरोग्य केंद्राच्या जीपमध्ये देवाचा एकही फोटो नव्हता, पण शेंदराची पुडी कायम असायची. समोरच्या खणात, टॉर्चच्या मागे, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. नवा डॉक्टर रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याला ती सापडे आणि तो मला बाजूला घेऊन विचारी, "सिस्टर, हा ड्रायव्हर काही करणीबिरणी करतो का?" मी म्हणे, त्यालाच विचारा. पण सहा फूट उंचीच्या, फारसे न बोलणाऱ्या आणि बोलले तर समोरच्याचे तोंड बंद करणाऱ्या त्या माणसाला विचारायची हिंमत कुणी केली नाही. हजेरीपटावर त्यांचे नाव वेगळे होते, पण आम्ही सगळे त्यांना शेंदूरभाऊ म्हणायचो.

मी मात्र विचारले होते. गडचिरोली जिल्ह्यात नदीपलीकडच्या त्या केंद्रात मी नर्स म्हणून गेले तेव्हा माझा स्वभाव आजच्याइतकाच तिखट होता. गाडीत देव नाही आणि शेंदूर आहे, हे काय प्रकरण आहे, असे मी सरळ विचारले. भाऊ जवळच्याच पाड्यावरचे गोंड. ते म्हणाले, "आमचा देव येनाच्या झाडाखाली हाये बाई. त्याले गाडीत कायले आणू? डिझेलचा वास नाई सोसत त्याले." आणि शेंदूर? "तो दातासाठी हाये." माणूस माझी थट्टा करतोय असे वाटून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

थट्टा नव्हती. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा जो फुगवटा दिसतो, त्याच्या पोटात दोन दातेरी चक्रे असतात. मोठ्याला क्राउन म्हणतात, छोट्याला पिनियन. इंजिनाकडून येणारा लांब दांडा पिनियन फिरवतो, पिनियन क्राउनला आणि क्राउन चाकांना. ही चक्रे बसवताना दाताला दात नेमका कुठे टेकतो हे डोळ्यांना दिसत नाही. मग भाऊ तेलात शेंदूर कालवून क्राउनच्या चार-पाच दातांना लावत, हाताने चक्र फिरवत आणि शेंदूर कुठून पुसला गेला ते पाहत. डाग दाताच्या मधोमध पडला तर ठीक, काठावर किंवा मुळाशी पडला तर ते सगळे पुन्हा उघडून कागदासारख्या पातळ पत्र्याची एक चकती आत घालत किंवा एक काढत. बल्लारपूरकडे लाकडाचे ट्रक चालवताना एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून ते हे शिकले होते. यंत्रावर शेंदूर वाहणारे पुष्कळ पाहिले, पण शेंदराकडून यंत्राची साक्ष काढणारा माणूस मी तो एकच पाहिला.

त्यांची दुसरी खोड अधिक तापदायक होती. बंद डबा उघडून आतले मोजल्याशिवाय ते काहीच ताब्यात घेत नसत. गाडीचे सामान ठीक आहे, पण हा गृहस्थ माझी सलाइनची खोकीसुद्धा जिल्ह्याच्या भांडाराच्या दारात उघडून मोजायचा, आणि मोजायचा गोंडीत. उंदी, रंड, मुंद, नालुंग असे पुटपुटत एकेका बाटलीला बोट लावणे चाले. माझी सही झालेली असायची, मागे दुसऱ्या केंद्रांच्या गाड्या भोंगे वाजवत असायच्या. एकदा मी चिडून म्हटले की भाऊ, माझ्या सहीवर तुमचा भरोसा नाही का? त्यांनी मोजणे थांबवले नाही. मोजून झाल्यावर म्हणाले, "तुमच्यावर भरोसा हाये बाई. डब्ब्यावर नाई." त्या दिवशी खोक्यात दोन बाटल्या कमी निघाल्या असे सांगायला मला आवडले असते, पण बाटल्या पूर्ण निघाल्या. भाऊंना त्याचे काहीच वाटले नाही.

एका वर्षी उन्हाळ्यात भाऊंना गाडीच्या मागून आवाज ऐकू येऊ लागला. आम्हाला कुणालाही येत नव्हता. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की मागे काहीतरी कण्हते असे त्यांचे म्हणणे. त्यांनी वर तीनदा लिहून दिले. तिसऱ्या अर्जानंतर दुरुस्ती करण्याऐवजी, ड्रायव्हरने गाडी नीट हाताळावी अशी सूचना आली. भाऊंनी ती सूचना जपून ठेवली आणि फुगवट्यातले तेल काढून त्यात चुंबक फिरवला. चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटून आला. तो चुरा त्यांनी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरला, माझ्याकडून त्यावर चिठ्ठी चिकटवून घेतली आणि रक्ताचा नमुना पाठवावा तशी ती बाटली चौथ्या अर्जासोबत वर पाठवली. दुरुस्ती मंजूर झाली.

मंजूर झाली म्हणजे कंत्राटदाराच्या गॅरेजकडे गेली; आमचे ड्रायव्हरही तोच नेमायचा. सामान कोणते बसवायचे ते गॅरेज ठरवणार, ड्रायव्हरचा त्यात काही संबंध नाही. पण त्याच आठवड्यात माझी चंद्रपूरला बैठक होती आणि गाडी अजून कण्हत का होईना चालत होती. बैठक संपल्यावर भाऊ मला थेट सुट्या भागांच्या बाजारात घेऊन गेले. एका दुकानात त्यांनी काउंटरवर तीन डबे काढायला लावले आणि तिन्ही उघडले. पहिल्यात नुसती क्राउन-पिनियनची जोडी होती. दुसऱ्यात जोडी, चारही बेरिंगे, तेल अडवणारे सील आणि त्या पातळ चकत्यांचा संच. तिसऱ्यातही सगळे होते, वर प्लॅस्टिकचे चकचकीत आवरण, आणि दुकानदार त्याचीच तारीफ करत होता.

भाऊंनी पहिला डबा बाजूला सारला. नवे दात जुन्या बेरिंगवर बसवले तर ते डुलतात आणि नवे असून वर्षभरात मरतात, असे त्यांनी मला सांगितले. मग मोजायला बसले. दुसऱ्या डब्यातल्या पिनियनला आठ दात आणि क्राउनला त्रेचाळीस. दोघांवर कोरलेला जोडीचा नंबरही एकच. तिसऱ्यात पिनियनला आठ, पण क्राउनला एकोणचाळीस. दुकानदार म्हणाला की फिटिंग सेमच आहे, सगळ्या गाड्यांत चालते, उलट चार दात कमी म्हणजे अ‍ॅव्हरेज सुधारते. भाऊंनी विचारले, "डांबर संपल्यावर काय होते?" दुकानदाराला प्रश्न कळला नाही. खरे सांगायचे तर मलाही कळला नाही. भाऊंनी दुसऱ्या डब्यावरचा नंबर कागदावर उतरवून घेतला, दुकानदाराला धन्यवाद दिले आणि काही न घेता बाहेर पडले. तो कागद दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या टेबलावर पोचला. तिथल्या सुपरवायझरने तो चहाच्या कपाखाली ठेवला हे भाऊंनी मला नंतर सांगितले.

गाडी बारा दिवस गॅरेजात होती. त्या बारा दिवसांतल्या नवव्या दिवशी सोमीला तिच्या पाड्यावरून खाटेवर घालून आणले. पहिलटकरीण होती, बाळ आडवे होते. आमच्याकडे गाडी असती तर दीड तासात ती मोठ्या दवाखान्यात पोचली असती. फोन लावून दुसऱ्या केंद्राची गाडी यायला चार तास लागले. सोमी वाचली, बाळ वाचले नाही. मी ते बाळ हातात घेतले होते. यापेक्षा जास्त मी त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही.

म्हणून गाडी परत आली तेव्हा तिला पाहून मला रडू आले. धुऊन पुसून आणली होती, टायर काळे केले होते. कण्हण्याचा आवाज गेला होता. गॅरेजच्या माणसाने डांबरी रस्त्यावर वीस किलोमीटर चालवून दाखवली, मऊ चालत होती. सोबत काम समाधानकारक झाल्याचे पत्र होते, त्यावर आमच्या केंद्राची सही हवी होती. डॉक्टरसाहेब प्रशिक्षणाला गेले होते, केंद्राचा कार्यभार माझ्याकडे होता. फोनवर ते म्हणाले, सिस्टर, सही करून मोकळ्या व्हा. मी पेन उघडले. आणि भाऊ किल्ली घ्यायला तयार होईनात.

डबा कोणता बसवला, हे त्यांनी गॅरेजच्या माणसाला विचारले होते. तुमच्या गाडीचाच, एवढेच उत्तर मिळाले. रिकामा डबा दाखवा म्हटले तर तो फेकला होता. त्याच वेगाला इंजिन पहिल्यापेक्षा हळू फिरते आहे, म्हणजे आत चार दात कमी आहेत, मी ही गाडी चालवणार नाही, असे भाऊंनी सांगितले. मी त्यांच्यावर अशी ओरडले की अंगणातल्या बायका उठून आल्या. पावसाळा तोंडावर आहे, बाळ गेले आहे, आणि तुम्ही दात मोजत बसलात, असे मी म्हणाले. आणखीही बोलले. ते सगळे मला आठवते आणि त्याची लाज वाटते. मग गॅरेजच्या माणसाने सुपरवायझरला फोन लावून दिला. पलीकडून सांगण्यात आले की ड्रायव्हर कंत्राटी आहे, काम अडवत असेल तर उद्या दुसरा पाठवतो, नाहीतर त्याने लेखी माफी द्यावी. फोनचा आवाज मोठा होता, आम्ही सगळ्यांनी ऐकले.

"माफीनामा लिहून देतो ना साहेब," भाऊ म्हणाले. "त्यानं चार दात वाढत असन, तं आत्ताच लिहून देतो."

त्यानंतर ते माझ्याकडे वळले. "सही करा बाई. पण आधी एक डाव खाली येऊन पाहा. गाडी माह्या नाई, तुमच्या हवाली हाये."

मी का गेले ते मला सांगता येणार नाही. रागानेच गेले असेन, यांना एकदा खोटे पाडावे म्हणून. भाऊंनी गाडीची मागची बाजू जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवली. पोते अंथरले. खणातून शेंदराची पुडी काढली, तेलात बोट बुडवले आणि लांब दांड्यावर एक ठिपका दिला, दोन्ही टायरांवर एकेक. मी पांढऱ्या साडीसकट गाडीखाली आडवी झाले. एका चाकाला भाऊ, दुसऱ्याला आमचा कंपाउंडर. दोघांनी मिळून चाके एक फेरी फिरवायची आणि मी दांड्यावरचा लाल ठिपका किती वेळा खाली येतो ते मोजायचे. चार वेळा आला. पाचव्यांदा खाली यायला थोडासा उरला असतानाच चाकांची फेरी संपली. पुन्हा फिरवायला लावले. तेच. पुढच्या चाकांच्या मधेही तसाच फुगवटा असतो, तिथले दात गॅरेजने बदललेले नव्हते. मग भाऊंनी पुढची बाजू उचलली, चाके दांड्याला जोडणारे पुढचे लॉक लावले आणि त्या बाजूच्या दांड्याला ठिपका दिला. तिथे ठिपका पाच वेळा खाली आला आणि आणखी बराच पुढे निघून गेला. एकोणचाळीसात आठ पाच वेळा पूर्ण जात नाहीत, त्रेचाळीसात जाऊन वर उरते.

मी पोत्यावर पडून राहिले आणि दुकानातला तो प्रश्न मला तेव्हा कळला. डांबरावर आमची जीप फक्त मागच्या चाकांनी चालते, तिथे हा फरक कुणाला दिसणार नाही. पण नाल्यात, दगडगोट्यांत, भाऊ गिअरच्या शेजारचा छोटा दांडा ओढून चारही चाके इंजिनाला जोडतात. तेव्हा पुढची चाके एका चालीने ओढणार आणि मागची दुसऱ्या. दोन्ही टोके एकमेकांना ताणणार आणि मधले काहीतरी तुटणार. ते तुटणार भर पावसाळ्यात, पाण्याच्या मधोमध, मागे कुणी बाई कळा देत असताना. गॅरेजवाल्यांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्यांना तो दांडा ओढायची वेळच कधी आली नव्हती. गाडी म्हणजे डांबरावर चालणारी वस्तू, असे ज्यांचे आयुष्य आहे त्यांची ही चूक. पण चुकीला चूक म्हणायला लावावे लागते आणि त्याला कुणीतरी गाडीखाली जावे लागते.

मी उठले तेव्हा साडीला तेल होते आणि हाताला शेंदूर. समाधानकारक या शब्दावर मी काट मारली आणि खाली लिहिले: मागील गिअरमध्ये चार दात कमी आहेत. मी स्वतः मोजले. गाडी स्वीकारलेली नाही. सहीवर माझ्या बोटाचा लाल ठसा उमटला, तो मी पुसला नाही. गॅरेजच्या माणसाने विचारले की बाई, तुम्हाला गाडीतले काय कळते? मी म्हणाले, मला पाचपर्यंत मोजता येते.

पुढचे आठ दिवस पुन्हा गाडी नव्हती. हा माझा निर्णय होता आणि कुणी दगावले असते तर ते माझ्यावर आले असते, हे मला दर तासाला जाणवत होते. भाऊंना ते न सांगता कळले. दुसऱ्या सकाळी केंद्राच्या दारात त्यांच्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भाताच्या तणसाची हातभर जाड गादी, वर ताडपत्री. आठही दिवस भाऊंनी तो हलू दिला नाही. मेव्हण्याची नांगरणी खोळंबली, तो रोज येऊन भांडून जायचा. दोन पेशंट त्या तणसावरून सुखरूप पोचले. उरलेल्या वेळात भाऊ गॅरेजात जाऊन बसत. त्रेचाळीस दातांचा पूर्ण संच त्यांच्यासमोर उघडला गेला, त्यांच्यासमोर मोजला गेला, आणि मिस्त्रीला बाजूला करून त्यांनी स्वतः शेंदूर लावला. दोनदा डाग काठावर पडला, दोनदा त्यांनी सगळे उघडायला लावले. तिसऱ्यांदा तो मधोमध पडला. जुना, एक दात तुटलेला क्राउन ते मागून घेऊन आले.

ऑगस्टमध्ये नाल्याला पाणी होते आणि मागे कळा देणारी बाई होती. पाणी पायरीला लागले तेव्हा भाऊंनी दांडा ओढला. मी बाईचा हात धरून बसले होते, पण कान मागच्या चाकांकडे होते. काही वाजले नाही. गाडी दगडांवरून हळूहळू चढली आणि पलीकडच्या चिखलात आली. भाऊंनी मागे न पाहता सांगितले, "दोन्ही टोकं सोबत चालून राह्यली बाई." मुलगी झाली. आता ती शाळेत जाते.

पुढच्या कंत्राटाच्या यादीत भाऊंचे नाव नव्हते. कारण दिलेले नव्हते. मी विचारत राहिले तेव्हा वर्तणुकीचा शेरा असल्याचे कळले. मी त्याविरुद्ध पत्र लिहिले. ते मागे घ्या असे मला दोनदा समजावण्यात आले, मी घेतले नाही, आणि माझी बदली कोरपन्याला झाली. भाऊंनी कुणापुढे हात जोडले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी गाडीतले सामान नव्या ड्रायव्हरला मोजून दिले, अगदी स्पॅनरपर्यंत. मी म्हणाले की माझी सही तुम्हाला महागात पडली. ते म्हणाले, "नोकरी गेली बाई, दात तं बराबर बसले ना." मग पाड्यावरच्या आपल्या घरापुढे त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम सुरू केले. गोंडपिपरीकडूनही लोक येत. अर्धा संच आणणाऱ्याला ते पाणी पाजून परत पाठवीत.

कोरपन्याला मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध झाले. माझ्या टेबलावर आलेला एकही डबा न उघडता ताब्यात घेतला गेला नाही. रांगा खोळंबल्या, वरून फोन आले, तरी मी मोजले. बहुतेक वेळा सगळे बरोबर निघायचे आणि लोक माझ्याकडे पाहून हसायचे. हसू देत. मी निवृत्त होईपर्यंत मोजत राहिले आणि त्याबद्दल मला आजही कुणाची क्षमा मागायची नाही.

गेल्या वर्षी कावीळ होऊन भाऊ गेले. कंपाउंडरने कळवले तोवर महिना उलटला होता. मी गेले तेव्हा पाड्याच्या कडेला त्यांच्या नावाचा दगड उभा केलेला होता. दगडाच्या पायथ्याशी तो जुना क्राउन टेकवून ठेवला होता, घासून स्वच्छ केलेला. त्यांच्या बायको माझ्यासोबत आल्या होत्या. मी हात जोडले आणि परत फिरू लागले.

"मोजा बाई," त्या म्हणाल्या. "न मोजता गेल्या, तं त्याले राग येईन."

मी खाली बसले. तुटलेल्या दाताच्या जागेपासून सुरुवात केली आणि एकेका दाताला बोट लावत गेले. उंदी, रंड, मुंद, नालुंग. पुढचे आकडे मला गोंडीत येत नव्हते, ते त्यांच्या बायकोने म्हटले. फेरी पूर्ण करून माझे बोट पुन्हा त्या रिकाम्या जागेवर आले. बेचाळीस दात आणि एक खाच.

"बराबर हाये ना?" त्यांनी विचारले.

बराबर आहे, मी म्हणाले. मग आम्ही दोघी घराकडे निघालो.